सात इंचांचा हिशेब

जयपूरच्या मिर्झा इस्माइल रोडवर, ज्याला सगळे एम. आय. रोडच म्हणतात, जयंती मार्केट आहे. मोबाइल, त्यांचे सुटे भाग, कव्हर, चार्जर आणि दुरुस्ती यांची एकमेकांना खेटून बसलेली दुकानं. अशा बाजारात ‘अभ्यासासाठी छोटा टॅब दाखवा’ म्हटलं की काउंटरवर आठ-पावणेनऊ इंचांचे दोन-तीन नमुने येतात आणि पाठोपाठ आकडे सुरू होतात: रॅम इतकी, स्टोरेज इतकं, बॅटरी इतकी, आज घेतलात तर कव्हर फुकट. यातला एकही आकडा खोटा नसतो. पण मूळ प्रश्नाचं उत्तर यातल्या एकाही आकड्यात नसतं. छोटा टॅब्लेट घ्यावा की नाही, हे त्या यंत्राच्या आत काय आहे यावर फारसं ठरत नाही. जे फोनवर मावत नाही आणि कागदावर परवडत नाही, असं एखादं पान आपल्याला रोज उघडावं लागतं का, यावर ते ठरतं. तसं पान असेल तर साधा टॅब्लेटही पैसे वसूल करून देतो. नसेल तर उत्तमातला उत्तम टॅब्लेटही दिवाळीपर्यंत कपाटात जातो. हे म्हणणं नुसतं तर्काचं नाही. या प्रश्नावर सरकारी पैसा, देशातली नावाजलेली संस्था आणि लाखो विद्यार्थी पणाला लावून एक मोठा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे, आणि त्याचा बराच भाग राजस्थानच्या नावावर आहे.

जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरमध्ये मिळू शकेल अशा एका यंत्राचा नमुना जगासमोर धरला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ते यंत्र ‘आकाश’ या नावाने दिल्लीत विद्यार्थ्यांच्या हाती दिलं गेलं. बनवणारी कंपनी डेटाविंड, आणि सरकारच्या वतीने खरेदी व चाचणी सांभाळणारी संस्था आयआयटी राजस्थान, म्हणजे आजची आयआयटी जोधपूर. सरकारला एक टॅब्लेट २,२७६ रुपयांना पडत होता. पडदा ७ इंचांचा, त्यावर ८०० गुणिले ४८० ठिपके, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी आणि बॅटरी २,१०० एमएएच. पडदा दाबाने चालणारा होता. अशा पडद्यात दोन पातळ थर किंचित अंतरावर असतात आणि बोटाने वरचा थर खालच्याला टेकला की यंत्राला जागा कळते. आजच्या पडद्याला मात्र बोटातल्या विद्युतभाराची चाहूल पुरते. फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण पुस्तकाचं पान उलटताना दर वेळी नखाने रेटावं लागत असेल, तर दहाव्या पानावर वाचणारा कंटाळतो आणि पंधराव्यावर यंत्र बाजूला ठेवतो.

यानंतर जे भांडण झालं ते या सगळ्या कथेतला सर्वांत शिकवणारा भाग आहे. आयआयटी राजस्थानने चाचणीसाठी कडक निकष लावले. त्यात लष्करी सामानाला लावतात त्या धर्तीच्या कसोट्या होत्या, पावसाच्या माऱ्याचीही होती. कंपनीचं म्हणणं असं की या भावात असलं यंत्र मागणं हाच अन्याय आहे. वर्तमानपत्रांनी बाजू घेतल्या, पण नीट पाहिलं तर दोघांचंही बरोबर होतं. ज्या मुलाच्या दप्तरात हे यंत्र जायचं, त्याच्या वाटेवर धूळ, पाऊस, धक्के, सायकलचं कॅरियर हे सगळं होतंच. म्हणजे मजबुतीची मागणी हौसेची नव्हती. आणि २,२७६ रुपयांत ती मजबुती बसत नव्हती, हेही खरं. चूक निकषांत नव्हती आणि कारखान्यातही नव्हती. किंमत आधी ठरली आणि काम नंतर शोधलं, तिथे ती होती. ३५ डॉलर हा आकडा आधी भाषणात आला. त्या आकड्यात मूल नेमकं काय वाचणार, कुठे बसून वाचणार, किती वेळ वाचणार, हे नंतर कोंबायचं राहिलं. घरात टॅब्लेट घेताना आपणही बहुधा याच क्रमाने जातो. दहा हजारांपर्यंत काय मिळेल, हा पहिला प्रश्न असतो.

पुढे २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला आणि प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली त्याला दुसरा जन्म मिळाला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ बाहेर आला: एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, दुप्पट रॅम, हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा, मोठी बॅटरी, आणि किंमत जवळपास तीच, २,२६३ रुपये. एका वर्षात त्याच पैशात इतकं वाढून मिळालं, याचा अर्थ तंत्रज्ञान वेगाने स्वस्त होत होतं. पण आणखी एक बदल झाला, तो जास्त महत्त्वाचा. आयआयटी मुंबईने यंत्राला काम नेमून दिलं. अभियांत्रिकी महाविद्यालयं, अध्यापकांची प्रशिक्षणं, प्रोग्रॅम लिहून पाहण्याची साधनं, असा वापरणारा आणि वापर आधी निश्चित केला. तरीही ‘आकाश’ देशभर पसरला नाही. त्याचं कारण त्या यंत्रात शोधून सापडणार नाही. तोपर्यंत स्वस्त स्मार्टफोन आला होता.

जयपूरच्या सचिवालयाने घेतलेले दोन निर्णय शेजारी ठेवले की ही घडामोड स्वच्छ दिसते. २०१३ मध्ये राजस्थान सरकारने आठवीच्या गुणवंत विद्यार्थ्यांसाठी योजना आणली. सरकारी शाळेत पहिल्या आलेल्याला लॅपटॉप आणि त्याच्या खालच्या क्रमांकांच्या मुलांना टॅब्लेट घेण्यासाठी ६,००० रुपयांचा धनादेश. वस्तू न देता पैसे देण्याची ही कल्पना चांगली होती, कारण निवड दुकानात, कुटुंबाच्या हाती आली. सहा हजारांत तेव्हा सात इंचांचे टॅब्लेट मिळतही होते. मायक्रोमॅक्सचा ‘फनबुक’ २०१२ मध्ये ६,४९९ रुपयांना आला तो याच वर्गातला. बरोबर दहा वर्षांनी, १० ऑगस्ट २०२३ रोजी जयपूरमध्येच ‘इंदिरा गांधी स्मार्टफोन योजना’ सुरू झाली. पुन्हा रक्कम जवळपास तीच, ६,८०० रुपये. त्यातले ६,१२५ यंत्रासाठी आणि ६७५ सिम व डेटासाठी. लाभार्थींत नववी ते बारावीच्या सरकारी शाळांतल्या मुलीही होत्या. पण या वेळी टॅब्लेटचं नाव नव्हतं. तेवढ्याच पैशात, तशाच घरांसाठी, दहा वर्षांनी सरकारने फोन निवडला, आणि वर नेटचे पैसेही वेगळे मोजून दिले. ‘आकाश’ फक्त वाय-फायवर चालत होता. ज्या घरात वाय-फाय नाही तिथे तो फारसं काही करू शकत नव्हता. हा धडा ६७५ रुपयांच्या रूपात योजनेत उतरलेला दिसतो.

मग सात इंचांच्या टॅब्लेटला फोनने नेमकं कशात हरवलं? आकारातच. पडद्याची मापं कर्णाने सांगतात, आणि कर्ण हा फसवा आकडा आहे. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी सात इंचांच्या टॅब्लेटची खिल्ली उडवताना सांगितलं होतं की सात इंच म्हणजे दहाच्या सत्तर टक्के नव्हे; क्षेत्रफळ मोजलं तर तो आयपॅडच्या ४५ टक्केच भरतो. गणित बरोबर होतं. (दोन वर्षांत त्यांच्याच कंपनीने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी काढला, ही गोष्ट वेगळी. तोवर जॉब्झ हयात नव्हते.) तेच गणित आज करून पाहू. ‘आकाश’चा पडदा साधारण १३९ चौरस सेंटिमीटरचा होता. आजचा लांबट, ६.७ इंचांचा साधा फोन सुमारे १०८ चौरस सेंटिमीटरचा भरतो. म्हणजे सात इंचांचा टॅब्लेट आज विकत घेणारा माणूस फोनच्या जेमतेम सव्वापट जागेत अडकतो: खिशात मावत नाही आणि डोळ्यांना फारसा मोठाही वाटत नाही. ८.७ इंचांचा टॅब्लेट मात्र सुमारे २१५ चौरस सेंटिमीटरचा, फोनच्या जवळपास दुप्पट. ११ इंचांचा साडेतीनशेच्या घरात. ए-फोर कागद ६२४. आज ‘छोटा टॅब्लेट’ म्हणून विचार करायचाच असेल तर तो आठ इंचांपासून पुढे; सात इंचांचा वर्ग फोनने गिळून टाकला.

आता त्या दुप्पट जागेत काय मिळतं ते जवळून बघू. एनसीईआरटीची, बालभारतीची आणि बहुतेक राज्य मंडळांची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा जसाच्या तसा फोटो म्हणावा असा प्रकार. पडदा लहान म्हणून त्यातली अक्षरं नव्याने जुळून येत नाहीत, सगळं पान आकसतं. ए-फोर आकाराच्या पानावर बारा पॉइंटमध्ये छापलेला मजकूर फोनवर उभा धरून पूर्ण रुंदीत पाहिला तर तो चार पॉइंटचा होतो. औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेल्या कागदावर असतात तशी अक्षरं. ८.७ इंचांवर तोच मजकूर साडेसहा पॉइंटचा, ११ इंचांवर साडेआठचा. रोमन लिपीत साडेसहा पॉइंट एकवेळ चालतील, पण देवनागरीला एकाच ओळीत वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार, पाय मोडलेली अक्षरं हे सगळं सामावून घ्यायचं असतं. ‘द्य’ आणि ‘द्ध’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक एखाद्या बारीक गाठीचा किंवा रेघेचा. इथे ठिपक्यांची संख्या कामाला येते. ‘आकाश’वर असं पान उभं धरलं तर एका ओळीच्या वाट्याला उंचीत जेमतेम दहा ठिपके येत. दहा ठिपक्यांत ‘विद्यार्थ्यांना’ लिहून दाखवणं कुणालाही जमणार नाही. शिवाय त्यात अँड्रॉइड २.२ होतं, आणि मूळ अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवण्याची सोयच नव्हती. हिंदी माध्यमाच्या राज्याच्या नावाने निघालेल्या यंत्रात ही उणीव होती, आणि तिची चर्चा प्रोसेसरच्या चर्चेच्या मानाने काहीच झाली नाही. आजच्या स्वस्त ८.७ इंची टॅब्लेटच्या पडद्यावर बहुधा १३४० गुणिले ८०० ठिपके असतात. त्यावर ओळीला सोळाएक ठिपके मिळतात. वाचता येतं, सुखाने वाचता येतं असं म्हणवत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. फोन आडवा धरला तर? आडव्या फोनवर तेच पान जवळपास नऊ पॉइंटमध्ये दिसतं, उभ्या टॅब्लेटपेक्षा मोठं. मग दुसऱ्या यंत्राचे पैसे कशाला? आक्षेप खोडून काढता येत नाही, पण तो अर्धाच आहे. आडव्या फोनवर एका वेळी पानाचा तिसरा हिस्सा दिसतो. कथा, निबंध, सरळ चालणारा धडा यासाठी तेवढं पुरतं. बोटाने वर सरकवत वाचता येतं. पण भूमितीची आकृती एका तुकड्यात आणि तिची सिद्धता दुसऱ्यात, नकाशा वर आणि त्याची सूची खाली, प्रश्न एका पडद्यावर आणि चार पर्याय दुसऱ्यावर, असं झालं की मेंदूला मधला भाग ध्यानात धरून ठेवावा लागतो. टॅब्लेटचा खरा फायदा अक्षर मोठं दिसण्यात नाही, दोन गोष्टी एकत्र दिसण्यात आहे. म्हणून ज्याच्या रोजच्या पानात आकृती, तक्ते, नकाशे, स्वरलिपी किंवा कपड्याचे नमुने आहेत, त्याच्यासाठी दुप्पट क्षेत्रफळ मोलाचं. ज्याचं वाचन म्हणजे बातम्या, कादंबरी आणि निरोप, त्याला फोन पुरतो. व्हिडिओंचं तर त्याहून सोपं आहे: आजचे बहुतेक व्हिडिओ सोळास नऊ प्रमाणातले, त्यामुळे टॅब्लेटवर वर-खाली आणि लांबट फोनवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. टॅब्लेटवर चित्र मोठं दिसतंच, पण दोन गोष्टी एकत्र दिसण्याचा फायदा तिथे कामाला येत नाही.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. यंत्राची किंमत दुकानात एकदाच कळते, आयुष्य मात्र हळूहळू कळतं. गूगलने २०१२ मध्ये काढलेला ‘नेक्सस ७’ हा त्या काळचा सर्वांत वाखाणलेला छोटा टॅब्लेट. नव्या आवृत्त्या त्यावर येत गेल्या आणि प्रत्येक आवृत्तीगणिक तो मंदावत गेला. काच फुटली नव्हती, बॅटरी गेली नव्हती, पण वापरवत नव्हता. महाराष्ट्रात याचं अधिक बोलकं उदाहरण आहे. पोषण आहाराच्या नोंदींसाठी अंगणवाडी सेविकांना सरकारी मोबाइल दिले गेले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते परत करण्याचं आंदोलन केलं. तक्रार अशी की दोन जीबी रॅमच्या त्या फोनमध्ये नवं अ‍ॅप चालत नाही, फोन तापतात, अडकतात आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. फोन दिला तेव्हा तो कामापुरता होता. काम वाढलं, फोन तेवढाच राहिला. स्वस्त टॅब्लेटमध्ये हीच कोंडी असते. रॅम नंतर वाढवता येत नाही. मेमरी कार्ड घालून पुस्तकं, व्हिडिओ साठवण्याची जागा वाढते, यंत्राची चाल वाढत नाही.

म्हणून हिशेब किमतीचा न करता तासाचा करावा. १३,००० रुपयांचा टॅब्लेट (सॅमसंगचा ८.७ इंची ‘टॅब ए९’ २०२३ च्या ऑक्टोबरात भारतात साधारण याच भावात आला) चार वर्षं टिकला आणि रोज एक तास वापरला, तर तासाला नऊ रुपये पडतात. तोच टॅब्लेट आठवड्यातून वीस मिनिटं उघडला तर तासाला १८५ ते १९० रुपये. पहिल्या भावात तो झेरॉक्सपेक्षा स्वस्त. दुसऱ्या भावात सिनेमाचं तिकीट काढलेलं बरं. आणि हा रोजचा एक तास कुठून येणार, याचं उत्तर यंत्र देत नाही. तो तास आधीच कुठेतरी असावा लागतो: फोनवर डोळे बारीक करून वाचण्यात, झेरॉक्सच्या रांगेत, किंवा घरातल्या एकाच फोनसाठी होणाऱ्या भांडणात. टॅब्लेट वेळ निर्माण करत नाही, असलेल्या वेळेची गैरसोय कमी करतो.

पण मूल शिकेल ना, असं आईवडील विचारतात, आणि बहुतेक टॅब्लेट याच आशेवर विकले जातात. पुरावा या आशेच्या बाजूने फारसा नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘एक मूल एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेची भारतातली सुरुवातीची चाचणी झाली. मुलांचं कुतूहल विलक्षण होतं, पण कुतूहल म्हणजे शिकणं नव्हे. हीच योजना पेरू देशाने सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि तिथल्या ग्रामीण शाळांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत काही वाढ आढळली नाही. याउलट दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ या संगणकावर शिकवणाऱ्या केंद्रांचा अभ्यास पाहा. सहावी ते नववीची मुलं लॉटरीने निवडली. साडेचार महिने, शाळा सुटल्यावर, दीड तास. लॉटरी न लागलेल्या मुलांपेक्षा त्यांची गणितातली प्रगती दुपटीहून अधिक झाली. संगणक साधेच होते. फरक असा की प्रणाली प्रत्येक मुलाची खरी पातळी तपासून तिथून प्रश्न देत होती, दीड तासांपैकी निम्मा वेळ शिक्षक समोर होता, आणि मुलं ठरल्या वेळी येऊन बसत होती. म्हणजे शिकवलं ते आखणीने. तीच आखणी घरच्या फोनवर, संगणकावर किंवा वहीतही चालते; आखणी नसलेला टॅब्लेट मात्र काहीच करत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: फोनवर निरोप, रील, खेळ यांचा मारा असतो, टॅब्लेट निदान अभ्यासापुरता ठेवता येईल. चिंता खरी आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण फेरीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पण टॅब्लेटवरही तीच अ‍ॅप चालतात, आणि मोठ्या पडद्यावर रील अधिकच छान दिसतात. अभ्यासापुरता टॅब्लेट ही वस्तू दुकानात मिळत नाही. ती घरी बनवावी लागते. सिम नसलेला घ्यायचा, पुस्तकं आधीच उतरवून ठेवायची, नवी अ‍ॅप घालण्याचा पासवर्ड मोठ्यांकडे ठेवायचा. एवढं करायची घरात कुणाची तयारी असेल तर हा युक्तिवाद टिकतो. आणि एक अप्रिय गोष्ट इथेच सांगायला हवी. पडदा विरुद्ध कागद या विषयावरच्या ५४ अभ्यासांचा २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. माहितीपर मजकूर, आणि तोही वेळेच्या दडपणाखाली वाचताना, कागदावर वाचणाऱ्यांना अधिक समजतं असा त्याचा निष्कर्ष होता. परीक्षेच्या तयारीचं वाचन नेमकं याच वर्णनात बसतं. तेव्हा मुख्य पाठ्यपुस्तक कागदाचं, आणि टॅब्लेट बाकी सगळ्यासाठी: जुन्या प्रश्नपत्रिका, संदर्भाची जाड पुस्तकं, उत्तरसूची, जे छापून घेणं महागात जातं ते.

राजस्थानात आणखी एक गोष्ट टॅब्लेटच्या बाजूने बोलते, जी पुण्या-मुंबईत बसून लक्षात येणार नाही. तिथे मोठ्या भरती परीक्षांच्या दिवशी कॉपी रोखण्यासाठी मोबाइल इंटरनेट बंद करण्याचा प्रघात पडला होता. २६ सप्टेंबर २०२१ च्या ‘रीट’ या शिक्षक पात्रता परीक्षेच्या वेळी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट थांबवलं गेलं. गोपालपुरा बायपासच्या किंवा प्रतापनगरच्या कोचिंग भागात राहणाऱ्या ज्या उमेदवाराचं सगळं साहित्य ‘ढगात’ असतं, त्याचा अभ्यास अशा दिवशी अडतो. यंत्रातच उतरवलेली पाचशे पीडीएफ हा तेव्हा चांगला आधार असतो. एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर राजस्थानने ‘स्माइल’ योजनेतून धडे पाठवले ते व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे फोनवर. पाठवण्याचं काम फोन उत्तम करतो. साठवून, एकत्र लावून, शांतपणे बसून पाहण्याचं काम टॅब्लेटचं.

आणि ऊन. उन्हाळ्यात जयपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराच्या जागेचं तापमान ० ते ३५ अंश सांगते, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही हे सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांना लागू आहे. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावलेला टॅब्लेट मंद होतो, पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो, आणि बॅटरी नेहमीपेक्षा लवकर म्हातारी होते. चार वर्षांचा हिशेब मग तीनवर येतो. दुकानात वातानुकूलित हवेत हे दिसत नाही. सांगानेर-बगरूच्या छापील कापडाचा व्यापारी टॅब्लेटवर नमुने दाखवणार असेल तर त्याने पडद्याचा उजेड दुकानाबाहेर, उन्हात धरून पाहावा. स्वस्त पडदे तिथे आरशासारखे होतात आणि किरमिजी कोणता, मेंदी कोणता हे गिऱ्हाईकाला कळेनासं होतं. एक मात्र खरं की अशा व्यापाऱ्यासाठी टॅब्लेटचा सवाल विद्यार्थ्यापेक्षा सोपा आहे. त्याचं रोजचं पान ठरलेलं असतं, त्यात रंग आणि आकृती असतात, ते दोघांनी मिळून बघायचं असतं, आणि दोन माणसांना एका फोनवर डोकी घालून ते जमत नाही.

राहतो तो आकाराचा आणि पैशाचा फाटा. २०२४ मध्ये ८.३ इंची आयपॅड मिनी आला तेव्हा भारतात त्याची किंमत ४९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. त्याचा पडदा ८.७ इंची स्वस्त टॅब्लेटपेक्षा क्षेत्रफळाने किंचित लहानच आहे, पण ठिपके इंचाला ३२६, स्वस्तात सुमारे १८०. बारीक देवनागरी त्यावर खरोखर स्वच्छ दिसते, आणि नव्या आवृत्त्या अनेक वर्षं मिळत राहतात. तरीही विद्यार्थ्यासाठी पन्नास हजार हे छोट्या टॅब्लेटवर घालण्याचे पैसे नव्हेत. त्यात लॅपटॉप येतो, आणि लॅपटॉपवर लिहिताही येतं. स्वस्त ८.७ आणि स्वस्त ११ इंची यांत अनेकदा चार-पाच हजारांचं अंतर असतं. टेबलावर बसून वाचणाऱ्याने ते अंतर भरून ११ इंची घ्यावा. बसमध्ये, मेट्रोत, अंथरुणावर, एका हातात धरून वाचणाऱ्याला त्याचं अर्धा किलोच्या आसपासचं वजन मनगटाला जाणवतं. तिथे छोटा योग्य. दुकानात जाताना रोज लागणारं सगळ्यात किचकट पान फोनमध्ये न्यावं, टॅब्लेटवर पाठवून उघडावं, उभं धरावं आणि बोटांनी न ताणता तळटीप वाचून पाहावी. वाचता आली नाही तर बॅटरी किती एमएएचची आहे हे विचारत बसू नये.